दुसरीचे दात

टण् टण्. स्टीलच्या वाटीच्या काठावर कवळी दोनदा, मोजून दोनदाच, आपटल्याचा तो बारीक कोरडा नाद वैशाखाच्या भर दुपारी चार नंबरच्या खोलीतून आला, आणि हातात तपासणीचा कागद घेऊन व्हरांड्यातून चाललेली मी जागच्या जागी खिळले. मनीषनगरातल्या या शुश्रूषागृहात मी कितीतरी वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडांची निगा राखते आहे. इथल्या प्रत्येक कवळीचा, प्रत्येक चुळीचा, प्रत्येक खाकरण्याचा आवाज मला पाठ आहे. हा आवाज सुमतीताईंचा होता. आणि सुमतीताईंना जाऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते.

माणसं रात्रीला उगीच घाबरतात. रात्री निदान कुत्री भुंकतात, दुरून एखादी गाडी जाते, कोणीतरी खोकतं. आमच्या नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता रस्त्यावर सावलीसुद्धा नसते. पांढराशुभ्र, निर्दय प्रकाश घरांच्या भिंतींवर असा टेकलेला असतो की आत कोणी जिवंत आहे की नाही याची शंका यावी. चार नंबरच्या खोलीत तो प्रकाश खिडकीला बांधलेल्या हिरव्या जाळीतून गाळून येत होता, कूलरच्या वाळ्याचा ओला वास भरून राहिला होता, आणि कूलरच्या घरघरीत जवळचं बोलणंही लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. मी पडदा सारला. आत अनसूयाबाई होत्या, एकट्याच.

अनसूयाबाई कुहीकडच्या एका खेड्यातल्या. साठ वर्षं शेतात वाकलेली ती देहयष्टी पलंगावर बसली तरी पुढे झुकलेलीच असे, जणू चादरीतसुद्धा काहीतरी वेचायचं राहिलं आहे. बोलता बोलता उजव्या हाताचा तळवा चादरीवरून सारखा फिरे, ढेकळं फोडून माती सपाट करावी तसा. डोळ्यांत मोतीबिंदूची धूसर निळाई, गालांवर सुरकुत्यांचं दाट जाळं, आणि आवाज इतका खोल, इतका संथ की मला तो घशातून नव्हे, जमिनीतून येतो असंच नेहमी वाटे. त्यांच्या अंगातले ऋतू थांबले नव्हते. श्रावण लागला की भल्या पहाटे उठून निंदणाला जायची घाई करत, मार्गशीर्षात नाक वर करून म्हणत, "तूर फुलोऱ्यावर आली वं." इथे चारी बाजूंनी सिमेंट, तूर कुठली यायला! पण दिनदर्शिका पाहिली की तिथी बरोबर जुळत असे, आणि माझ्या अंगावर उगाचच काटा येई.

त्या इथे आल्या त्याचं कारण एवढंसं होतं. सव्वा वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात कवळीखाली अडकून राहिलेले भाताचे कण झोपेत श्वासनलिकेत गेले, फुप्फुस सडायला लागलं, आणि मरणाच्या दारातून बाई कशाबशा परत आल्या. आल्या खऱ्या, पण हात कामं विसरले. मुलगा प्रमोद हुडकेश्वरला राहतो. तो आणि त्याची बायको दोघंही मिहानमध्ये नोकरीला, सकाळी आठाला घराबाहेर. दिवसभर म्हातारीचं तोंड कोण पाहणार? डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं: स्वतःचं तोंड स्वतः स्वच्छ ठेवता येत असेल तर घरी न्या, नाहीतर इथेच राहू द्या, पुन्हा असं झालं तर वाचणार नाहीत.

म्हणून तो कागद. घरी पाठवण्याआधी मी भरायचा, तोंडाच्या निगेचा एक पानी तक्ता. कवळी काढणं, घासणं, चूळ भरणं, थुंकणं, हिरड्या पुसणं, कवळी परत बसवणं. आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: 'स्वतः करते', 'सांगितल्यास करते', 'दुसऱ्याने करावे लागते'. याआधी दोनदा मी तपासणी केली होती आणि दोन्ही वेळा तिसऱ्या रकान्यात खुणा करताना माझाच हात जड झाला होता. ब्रश हातात दिला की अनसूयाबाई कवळी बाजूला ठेवून वाटीच घासायच्या, लख्ख, राखेने भांडं घासावं तशी. मग माझ्याकडे अशा आशेने पाहायच्या की मेलं, रडू यायचं.

त्यांना घरी जायचं होतं. मुलासाठी, नातवंडांसाठी असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. हुडकेश्वरच्या त्या घरामागे, चहूकडून शेतांचे प्लॉट पाडून लेआउट होत चाललेले असताना, कोणा परक्याचं एक शेत अजून उरलं होतं, आणि मागच्या खिडकीतून ते दिसत असे. "दगड गाडून ठेवले हायेत त्यात आतापासूनच," त्या सांगायच्या. "यंदाची तूर तेवढी पाहून घेतो वं मी, मंग काय बांधाचं ते बांधो." त्यांची मागणी एवढीच होती. एका पिकाची.

आणि शेजारच्या पलंगावर होत्या सुमतीताई. जुन्या नागपुरातल्या महाल भागातल्या, सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेल्या, शुद्ध बोलणाऱ्या, फणकाऱ्याच्या. त्यांचं दात घासणं म्हणजे एक अनुष्ठान होतं. आधी वाटीच्या काठावर कवळी दोनदा आपटायची, मग खिडकीकडे धरून उजेडात उलटसुलट न्याहाळायची, मग करंगळी वर ठेवून घासायची, आणि शेवटी मान किंचित डावीकडे कलवून वरची कवळी आधी बसवायची. कवळी बनवताना त्यांनी डॉक्टरशी भांडून उजवीकडचा सुळा मुद्दाम थोडा वाकडा करून घेतला होता. "माझा दात असाच होता. सरळ दात घालून मी दुसरीच कोणीतरी होऊ काय?" एकत्र काढलेल्या आठ महिन्यांत त्या अनसूयाबाईंवर रोज खेकसल्या आणि रोज त्यांच्या उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत राहिल्या. अनसूयाबाई त्यांचे हात बघत राहायच्या.

सुमतीताई गेल्या त्या एका सकाळी, अकराच्या सुमारास, चहा अर्धा ठेवून. त्यांची मुलगी पुण्याची. नेमकी आदल्या दिवशीच भेटायला आलेली. तिचा एकच हट्ट: "सिस्टर, आईला बसलेल्या गालांनी पाठवू नका हो. तिला अजिबात आवडलं नसतं." हे काम झटपट करावं लागतं, देह ताठरला की जबडा उघडत नाही. मी कोमट पाणी आणायला गेले, परत आले, त्यांच्या निळा दोरा बांधलेल्या वाटीतून कवळी उचलली आणि त्यांच्या मुखात बसवली. आमच्याकडे खूण म्हणून दोरा बांधायचा तो वाटीला. कवळीवर काहीच नसतं. ती नीट बसेना. मृत्यू चेहरा बदलतोच, असं मनाशी म्हणून मी अंगठ्याने दाबली. मुलीने पाहिलं आणि हुंदका दिला, "अगदी पूर्वीसारखी दिसतेय आई." त्या शब्दांवर मी विसंबले, हे आता कबूल करते.

त्या दिवसापासून अनसूयाबाईंनी मला आपल्या कवळीला हात लावू दिला नाही. "मी करतो ना माही," म्हणून वाटी पदराखाली घेत. आणि खरंच करत! मदतनीस बायका कौतुकाने सांगायच्या, मीही खूश झाले, वेड्यासारखी. लगबगीने प्रमोदला फोन केला की आईची पुन्हा तपासणी करते आहे, चार वाजता न्यायच्या तयारीने या. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

तर ती दुपार. मी समोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "हं, अनसूयाबाई, दाखवा बरं." त्यांनी कवळी काढली. काठावर दोनदा आपटली. खिडकीकडे धरली, उलटी केली, सुलटी केली. त्या हिरव्या पाण्यासारख्या उजेडात त्यांची करंगळी हळूहळू वर आली. साठ वर्षं विळा धरलेली ती जाड, तडकलेली करंगळी, आणि तिची ती महालातली नजाकत! चूळ भरली, थुंकल्या, मान डावीकडे कलवली, वरची कवळी आधी बसवली. मग माझ्याकडे पाहून हसल्या. बाप रे! त्या हसण्यात अनसूयाबाई नव्हत्याच. वाकडा सुळा ओठाखालून डोकावत होता, आणि त्यामागून कोणीतरी माझी परीक्षा घेतल्यासारखं माझ्याकडे पाहत होतं.

कूलरची घरघर तेवढी चालू होती. मी त्यांना तोंड उघडायला लावलं, कवळी बाहेर काढून हातात घेतली. आत हिरडीवर लालभडक जखम होती, दुसरीच्या जबड्याच्या मापाने रोज घासून झालेली. म्हणजे ही सुमतीताईंची. म्हणजे मी त्या सकाळी प्रेताच्या मुखात दाबून बसवली ती हिची. ती घाटावर जळून गेली. दोन वाट्यांमधला हा घोटाळा माझ्या हातून झाला आणि नऊ दिवस एक जिवंत बाई मेलेल्या बाईचे दात घालून जेवते आहे, बोलते आहे, हसते आहे, आणि मी कौतुक करते आहे.

मला लपवता आलं असतं. पहिल्या रकान्यात सहा खुणा केल्या असत्या तर चार वाजता त्या घरी गेल्या असत्या, आणि सैल कवळीखाली पुन्हा कण साचून पुढच्या थंडीत कदाचित मेल्याही असत्या. मी त्यांचा हात धरला. म्हणाले, "बाई, माझ्याकडून मोठी चूक झाली. वाट्या बदलल्या."

"तुयी कायची चूक वं?" दात नसलेल्या तोंडातून तो मातीतला आवाज आला. "म्याच बदलले. तू पाणी आणाले गेली होती ना, तवा."

मी हातातल्या कवळीचा वाकडा सुळा पुन्हा पाहिला.

"बाई एकटीच जाऊन राहिली होती," त्या चादर सपाट करत म्हणाल्या. "पोरगी कुठवर जाईन संग? घाटापर्यंत. पुढं कोनीतरी पाह्यजे का नाही? मले तं जाता येत नव्हतं. मंग माहे दात धाडले." अगदी सहज, जेवणाखाण्याचं बोलावं तसं त्या पुढे म्हणाल्या, "अन् तिचे ठेवून घेतले. तेच करतेत सारं. मी काई नाही करत."

ऐन बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात मला हुडहुडी भरली. पण नोकरी ती नोकरी. कागद अजून कोरा होता. मी कवळी माझ्याजवळच ठेवली, ओला कापसाचा बोळा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, आता नुसत्या हिरड्या पुसा. त्यांनी बोळ्याकडे पाहिलं. करंगळी खाली आली. मान सरळ झाली. तो हात काही क्षण अधांतरी राहिला आणि मग त्यांनी बोळ्याने वाटी पुसायला सुरुवात केली, लख्ख, गोल गोल. खोलीतून कोणीतरी उठून गेलं होतं, असं मी म्हणणार नाही. मी शिकलेली बाई आहे. पण पडदा हलला तेव्हा मी त्या बाजूला पाहिलं नाही हेही तितकंच खरं.

चार वाजता प्रमोद आला, घामाने निथळत, रिकामी बॅग घेऊन. दातांची अदलाबदल मी त्याला आडपडदा न ठेवता सांगितली, ती का झाली तेवढं माझ्याजवळ ठेवलं. तो भिंतीला टेकला. "सिस्टर, मले समजून नाही राहिलं. माह्या आईच्या तोंडात मेलेल्या बाईचे दात?" मग कागदाकडे बघून हळू आवाजात, "म्हणजे तिले न्याचं नाही आता?" तिकडे अनसूयाबाईंनी आपली पिशवी मांडीवर घेतली होती आणि त्या आम्हा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होत्या. त्या नजरेपुढे मला तिसरा रकाना भरवेना आणि खोटा पहिलाही भरवेना.

"न्यायचं," मी म्हणाले, आणि माझा आवाज नको तितका चढला. "दिवसभर दात नकोत, मऊ भात, खिचडी. सकाळी निघण्याआधी आणि आल्यावर, जेवण झाल्यावर, हिरड्या तुम्ही पुसायच्या. जमतं का सांगा. नाहीतर बॅग तशीच न्या." त्याने तीनदा हात धुतले. बोटाला कापड गुंडाळलं. आईच्या तोंडात बोट घालताना त्या धिप्पाड माणसाने डोळे मिटून घेतले होते. अनसूयाबाईंनी बोडक्या हिरड्यांनी ते बोट हळूच चावलं, आणि हसल्या. आणि ते हसू त्यांचं होतं, शंभर टक्के त्यांचं. "जमते मले," प्रमोद डोळे न उघडताच म्हणाला. मी तिसऱ्या रकान्यात सहा खुणा केल्या, आणि 'दुसऱ्याने' हा शब्द खोडून वर 'मुलाने' असं लिहिलं.

जाताना त्यांनी सुमतीताईंची कवळी मागितली नाही. मागितली असती तरी मी देऊ शकले नसते. व्यवस्थापकांची बोलणी मी खाल्ली, ती खायलाच हवी होती. आता आमच्याकडे प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला नाव कोरतात. पुण्याच्या मुलीला मात्र मी काही कळवलं नाही. तिने तेराव्यानंतर निरोप पाठवला होता, आई शेवटी इतकी ओळखीची दिसली ते तुमच्यामुळे, म्हणून. तो वाचून तिला खरं सांगण्याचं धैर्य मला झालं नाही, आजही होत नाही.

मार्गशीर्षात मी हुडकेश्वरला गेले. नव्या मापाची कवळी आली होती, ती नीट बसते का पाहायचं होतं. मागच्या खिडकीत खुर्ची टाकून अनसूयाबाई बसल्या होत्या. बाहेर दगड गाडलेल्या त्या शेवटच्या शेतात तूर पिवळ्या फुलोऱ्याने नुसती लगडली होती, आणि तो पिवळा उजेड खिडकीतून आत येऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर ठरला होता. नवी कवळी चपखल बसली होती. हिरड्या गुलाबी, स्वच्छ. प्रमोद रोज दोनदा करतो, सूनबाई सांगत होती, आणि तिच्या सांगण्यात तक्रार नव्हती. कवळी कशी घासता ते दाखवा, मी म्हणाले. अनसूयाबाईंनी ती हातात घेतली, जरा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि गुमान मुलापुढे धरली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुमतीताईंची आठवण येते का हो?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मोतीबिंदूमागे काही शोधल्यासारखं केलं. "कोन सुमती वं?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तुरीकडे पाहू लागल्या.

ती कवळी माझ्या घरी आहे. फेकवत नाही, परत करवत नाही. कपाटात, काचेच्या वाटीत, पाण्यात ठेवली आहे. रोज सकाळी चहाच्या आधी मी ते पाणी बदलते. जिची ती होती तिची राख झाली, जिने ती ठेवून घेतली तिला काही आठवत नाही. एका बाईने दुसरीला मरणापलीकडे एकटं जाऊ दिलं नाही, ही गोष्ट आता या जगात फक्त मला माहीत आहे, आणि मी विसरेन त्या दिवशी सुमतीताई पुन्हा एकट्या पडतील.